फळ्यावरचं पहिलं नाव

सोमवार, ३ सप्टेंबर

काल पहिला आलो. पहिलं येण्याचा खरा खर्च असा: पाद्रीबाबांच्या जेवणाला मोठं डुक्कर, एक. कमरेला गुंडाळायची चांगली चटई माझ्या बायकोच्या, विकाच्या, मावशीची, उसनी. ती परत करताना सोबत कोनफळांच्या दोन टोपल्या. माझं नाव वाचल्यावर मागून जोरात ‘शाब्बास’ ओरडायला चुलतभाऊ, त्याला सिगारेटची दोन पाकिटं, ओरडला एकदाच. शनिवारी माझं इंजिन-दुरुस्तीचं दुकान बंद, तेवढ्यात व्हेल दाखवणाऱ्या बोटवाल्याने इंजिन दुसऱ्याकडे नेलं. नवा सदरा, तो दिवसभर मानेला बोचला.

हे सगळं दानाचे सहा हजार पाआंगा सोडून. ते देवाचे.

आमच्या चर्चची मिसिनाले म्हणजे वर्षाचं दान. घराघराचं नाव पुकारतात, घरवाले उठून टेबलावर पाकिटं ठेवतात, खजिनदार मोजतो आणि आकडा सगळ्यांसमोर वाचतो. आमच्या घराची तीन पाकिटं होती. एक ऑकलंडहून पिताने, माझ्या धाकट्या भावाने, पाठवलेलं. एक माझ्या थोरल्या बहिणीचं, मेलेनाइतेताईचं. ती विधवा, तिच्या नावाने घर नाही, म्हणून तिचं दान माझ्या नावात. आणि एक माझं. माझ्या पाकिटात किती होते ते इथेही लिहीत नाही. वही कधी उघडी राहते. खजिनदाराने बेरीज वाचली: “माका, सहा हजार!” खजिनदार म्हणजे फोलाऊ, दुकानवाला. सात वर्षं तोच पहिला यायचा. त्याचे पाच हजार पाचशे. स्वतःच्या तोंडाने माझा आकडा वाचताना त्याला ठसका लागला. तो ठसका मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आज सकाळी चर्चच्या दाराशी फळा लागला. वरून पहिली ओळ माझी. सहावीत शाळा सोडलेल्या, न्यूझीलंडच्या मळ्यांत दोन हंगाम किवी तोडून वेल्डिंगचं यंत्र घेतलेल्या माणसाची. धक्क्यावर मी सगळ्यांना सांगितलं, “आपल्या नेआफू गावात माझ्या वर आता एकच नाव आहे, आणि ते आभाळात राहतं.”

आमची पोरगी सिआले काल जेवली नाही. घशात माशाचा काटा अडकला म्हणाली. काल मासे नव्हतेच.

ही वही तिचीच. शाळेतल्या बाईंनी दिली: रोज काय काय कर्तबगारी केली ते लिही, परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागेल. पोरीने चार पानं लिहिली आणि म्हणाली, “बाबा, मी रोज तेच करते.” उरलेली वही वाया कशाला घालवायची.

बुधवार, ५ सप्टेंबर

अर्ज. सिआलेला जहाजं बांधायची इंजिनिअरिंग शिकायची आहे, टास्मानियात. प्रवेश मिळतो आहे. पैसे नाहीत. तिने अकरा शिष्यवृत्त्यांची यादी केली होती. एक फक्त सामोआवाल्यांना. एक फक्त शेतकऱ्यांच्या मुलांना. दोन बंद झालेल्या, पण त्यांची जाहिरात अजून जिवंत. एकीत आधी फी भरा, मग अर्ज वाचू; ती मीच खोडली, तसले लोक मला वासावरून कळतात. शेवटी एकच उरली, मेलबर्नच्या कुठल्याशा जुन्या जहाजमालकाच्या न्यासाची. फी पूर्ण, राहणं पूर्ण. तिकीट आणि अंथरूण-पांघरूण आपलं. गरजू घरांसाठी.

तिच्या अर्जात एक प्रश्न: ‘तुमच्या घरात कोणत्या गोष्टींची उणीव आहे?’

मी म्हणालो, “लिही, असल्या प्रश्नांची.”

“बाबा!”

“मग काय लिहू? छप्पर आहे, डुकरं आहेत, ट्रक आहे. दोन गिअर कमी आहेत. ते लिही.”

“संकटावर कशी मात केली, त्यावर पाचशे शब्द मागितलेत.”

“ही काय दुःखाची घाऊक खरेदी चालली आहे? ज्याचं मोठं त्याला भाव?”

विका स्वयंपाकघरातून म्हणाली, “पोरी, लिही की बाप हट्टी आहे. पाचशे शब्द कमी पडतील.”

सिआलेने शेवटी बोटीवर लिहिलं. ती नऊ वर्षांची असताना माझी बोट कलंडली होती. का कलंडली ते तिने आता गणित मांडून सिद्ध केलंय. चूक माझी निघाली. वजन मागे लावलं होतं. मी सही केली.

मंगळवार, १८ सप्टेंबर

मेलेनाइतेताईकडून निरोप: मोठं जाळं पाठव. ती फाहू आहे, म्हणजे भावाच्या घरावर हक्क असलेली बहीण. माझ्या घरातली सुईसुद्धा तिने आपली म्हटली की आपली. मागच्या वर्षी जनरेटर गेला, त्याआधी काळी डुकरीण. जाळं पाठवलं. एकटी बाई जाळ्याचं काय करणार? समोर जाऊन विचारायची सोय नाही. बहीण घरात असेल तर भाऊ उंबरा ओलांडत नाही, आणि मी ते कधी मोडलेलं नाही.

सिआले म्हणते, आत्याने चटया विणणं थांबवलंय. तीन वर्षं बाई दिवस उजाडला की विणायला बसायची. “हात दुखत असतील,” मी म्हणालो. सिआले माझ्याकडे बघत राहिली. अर्ज केल्यापासून पोरगी फार बघते.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

न्यासाने मुलाखतीला बोलावलं. सगळ्या बेटांतून सहाजणं, त्यांत आमची. घेणार एकच. मुलाखत इथेच, गेस्टहाऊसात, आई किंवा बापासह. फोलाऊ रस्त्यात भेटला. हसत म्हणाला, “माका, अर्जावर काय लिहिलंस? गरीब?”

“गरजू लिहिलंय.”

“आणि चर्चमध्ये?”

“चर्चमध्ये पहिला लिहिलंय. तूच लिहिलंस.”

गडी दुकानाकडे वळला. माझ्या तोंडाला लागू नये कुणी.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

कामाला हात लागत नाही म्हणून दुपारीच लिहितो.

समितीत दोघं. हार्टनेलबाई मेलबर्नच्या, गोड बोलणाऱ्या. आणि आपले वाइपुलू मास्तर, राजधानीतल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, गोड न बोलणारे. सिआलेला त्यांनी बोटीबद्दल विचारलं, तर तिने टेबलावरच्या पावावर चमचा ठेवून बोट कशी कलंडते ते दाखवलं. बाई इतक्या पुढे वाकल्या की त्यांचा चष्मा लोण्यात गेला. मी मनात म्हटलं, झालं, मिळाली.

मग मास्तरांनी माझ्याकडे तोंड वळवलं. “माका, येताना चर्चवरून आलो. फळा वाचला.”

“वाचायलाच लावलाय, मास्तर.”

“अर्जात वर्षाचं उत्पन्न चौदा हजार. फळ्यावर दान सहा हजार. मग गरज नक्की कुणाला आहे? तुला की देवाला?”

“ते देवाला विचारा. तो तुमच्याकडेही येत असेल.”

सिआलेने टेबलाखालून लाथ मारली. नडगी अजून दुखतेय.

बाईंनी विचारलं, “हे सहा हजार तुम्ही एकट्याने दिले?”

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर फोलाऊचा मेव्हणा गेस्टहाऊसचं गवत कापत होता. यंत्र बंद करून कापत होता.

“माझ्या नावाने दिले,” मी म्हणालो, खिडकीपर्यंत जाईल अशा आवाजात. “आणि ऐका बाई. तुम्हाला गरीब माणूस हवा असेल तर मी कागदावर होतो गरीब. गिअर मोजा, छपराची भोकं मोजा. पण चर्चमध्ये मी गरीब होणार नाही. दर रविवारी माझी पोर त्या फळ्याखालून आत जाते.”

मास्तरांनी अर्जाचं पान उलटलं. मग त्यांनी सिआलेला विचारलं, “तिकिटाची सोय?”

“होती,” ती म्हणाली.

“आता?”

“आता नाही, सर.”

“गेली कुठे?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “दिली, सर.”

गाडीत मी विचारलं, कसली सोय, कुणी केली होती? ती म्हणाली, “आईला विचारा.” आईला विचारलं. विका मासे साफ करत होती, सुरी खाली न ठेवता बोलली.

“ताईंनी तीन वर्षं चटया विणल्या. तुझा जनरेटर विकला, डुकरीण विकली. सिआलेच्या तिकिटासाठी. तीन हजार चारशे जमले होते.”

“मग?”

“मग तू! ऑगस्टभर धक्क्यावर ओरडत होतास, यंदा फोलाऊला लोळवतो, यंदा फोलाऊला लोळवतो. गावाने ऐकलं, ताईंनी ऐकलं. सख्खा भाऊ सगळ्यांसमोर तोंडावर पडेल ते बघत बसेल का ती? होतं ते पाकिटात घातलं.”

“एका शब्दाने सांगायचं तरी!”

“कुणी? ती तुझ्यासमोर बसत नाही, तू तिच्यासमोर बसत नाहीस. तुमच्या दोघांच्या अदबीत माझी पोर अडकली.”

एवढं होऊनही मी म्हणालो की मी मागितले नव्हते. विकाने माशाचं डोकं तोडलं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

न्यासाचं पत्र. सिआले पहिल्या दोघांत आहे. पण गरजेबद्दल समितीला शंका. घराच्या नावाने दिलेल्या दानात कोणाचे किती, हे नावानिशी, चर्चच्या खजिनदाराच्या सहीने, दहा नोव्हेंबरच्या आत कळवावं. नाहीतर शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलाला.

हे वाइपुलू मास्तरांचं काम. बाईला तीन पाकिटांची अक्कल कुठून असणार. शत्रू म्हणून वाईट, पण माणूस हुशार आहे.

खजिनदार म्हणजे फोलाऊ. पिताचे किती ते मला माहीत, ताईचे आता माहीत. तिसरा आकडा फोलाऊला सांगायचा म्हणजे नरडं त्याच्या हातात द्यायचं.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आधी ताईकडे गेलो. तिचा आकडा तिच्या परवानगीशिवाय कसा सांगणार? मी कुंपणाबाहेर, ब्रेडफ्रूटच्या झाडाकडे तोंड करून. ती आत, पडद्यामागे. मधे दारात सिआले, टपालासारखी.

“आत्याला सांग, कागद द्यायचाय. कोणाचे किती, ते लिहून.”

सिआले आत गेली, बाहेर आली. “आत्या म्हणते, बहिणीचं पाकीट मोजायचं नसतं.”

“सांग, पोरीचं भलं होईल.”

“आत्या म्हणते, भावाचं वाईट होईल. गाव हसेल. पोरीचं मी बघते, अजून विणीन.”

“सांग तिला, तीन वर्षांत जहाज निघून जाईल!”

हे मी जरा मोठ्याने बोललो. पडदा हलला. सिआले न जाताच म्हणाली, “बाबा, तिला ऐकू गेलं.” मग आतून, सिआलेला मधे न घालता, ताईचा आवाज आला. चाळीस वर्षांत सरळ माझ्याशी बोललेली नाही. आताही झाडाशीच बोलली.

“त्या झाडाला सांग, मी नाही म्हटलंय. विषय संपला.”

आमच्यात ती नाही म्हणाली की नाहीच. माझ्या बापानेही आपल्या बहिणीचा शब्द मोडला नव्हता.

तिथून फोलाऊच्या दुकानात. मी काही बोलायच्या आत त्याने शटर अर्धं ओढलं. गवत कापणाऱ्या मेव्हण्याने काम चोख केलं होतं, आणि ताईच्या कुंपणाशी झालेलं कागदाचं बोलणंही माझ्याआधी पोचलं होतं.

“मागच्या दाराने ये, माका. कागद आण, बघतो, सही करतो. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, बायबलची शपथ.”

“आणि?”

“आणि काय? शेजारी आपण. फक्त पुढच्या वर्षीपासून तुझा आकडा माझ्यापेक्षा थोडा कमी असावा. दरवर्षी. आणि माझ्या दोन बोटींची इंजिनं तुझ्याकडे येतील, ती काय, घरचीच.”

म्हणजे फुकट. जन्मभर. बरं, माणूस इतक्या प्रेमाने बोलत होता की क्षणभर मलाही परवडेल असं वाटलं. मग म्हणालो, “फोलाऊ, मागच्या दाराने आजपर्यंत मी फक्त डुकरं हाकलली आहेत.”

शटर वर ढकलून बाहेर आलो. बाहेर येईपर्यंत ऐट होती. ट्रकमध्ये बसल्यावर नसलेला गिअर टाकत बसलो. आता? उद्याचा एक दिवस, मग रविवार.

सोमवार, ५ नोव्हेंबर

काल प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय? मी उठलो. नवा सदरा पुन्हा मानेला बोचत होता. विकाने हात धरला, मग सोडला.

मी म्हणालो, “मिसिनालेचा फळा चुकलाय.”

फोलाऊ खजिनदाराच्या खुर्चीत ताठ झाला. “बेरीज बरोबर आहे!”

“बेरीज बरोबर आहे. नाव चुकलंय. सहा हजारांतले अठराशे साठ माझा भाऊ पिता याचे, ऑकलंडच्या गोदामात पोती उचलून. तीन हजार चारशे मेलेनाइतेताईचे, चटया विणून. उरलेले माझे. वजाबाकी ज्याची त्याने करा.”

केली. चर्चमध्ये वजाबाकी करणाऱ्या माणसांचा आवाज येतो. मी काल ऐकला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सिगारेटवाला चुलतभाऊच असणार.

“हसा,” मी म्हणालो. “आजच हसून घ्या, उद्या दुकान उघडायचंय. माझी पोर जहाजं बांधायला जाणार आहे आणि त्यासाठी मी जेवढा आहे तेवढाच दिसायला हवा. दिसलो. आता फोलाऊ, इथे, समोरच्या दाराने, सही कर.”

पाद्रीबाबांनी स्वतः पेन दिलं. फोलाऊला सही करावी लागली. पेन दोनदा अडलं.

ताई बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर होती. तिचा शब्द मी सगळ्यांसमोर मोडला होता. फोलाऊची सही झाली तशी ती उठली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. शेवटच्या भजनाआधी. ती भजन सोडून गेलेली कुणी पाहिलेली नाही.

मला पश्चात्ताप नाही. हे दोनदा लिहितो. मला पश्चात्ताप नाही.

कागद आज सकाळच्या विमानाने गेला.

बुधवार, १४ नोव्हेंबर

ताईने शिक्षा केली. निरोप असा: माझ्या बोटीचं इंजिन, चाळीस घोड्यांचं, नवं, मागच्या वर्षी घेतलेलं, ते तिचं. दुपारी चार गडी आले, उचलून नेलं. मी नुसता बघत उभा. फाहूला नाही म्हणून दाखवणारा अजून जन्मायचाय, आणि मी तर महिन्यात एकदा म्हणून बसलोय.

संध्याकाळी कळलं, तिने ते व्हेलवाल्याला चार हजारांना विकलं. माझ्याकडून तो साडेतीनच्या वर एक पै देत नव्हता! एवढ्या पैशांचं एकटी बाई काय करणार, देव जाणे. विकाला म्हणालो, राग तरी किती धरावा माणसाने. विका नारळ खवत हसत होती. या घरात माझ्या नुकसानीवर सगळे हसतात.

मंगळवार, ११ डिसेंबर

मिळाली. मिळाली. मिळाली.

सिआलेला शिष्यवृत्ती, चार वर्षं, फी आणि राहणं. पत्राखाली हार्टनेलबाईंची सही, आणि तिच्याखाली वाइपुलू मास्तरांनी हाताने, आपल्या भाषेत, एक ओळ लिहिली आहे: ‘बापाला सांग, वजन पुढे लावल्यावर बोट सरळ राहते.’

मी तीन वेळा वाचलं. मग भट्टीतलं काम आहे सांगून दुकानात गेलो. भट्टी पेटवलेली नव्हती.

तिकिटाची काळजी होती, तर सिआले म्हणाली तिकीट काढून झालंय, आत्याच्या बायबलमध्ये आहे. मी म्हणालो, पैसे कुठून? पोरीने माझ्याकडे, मग बोटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

बोटीच्या मागे इंजिनाची जागा रिकामी आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

सिआले सकाळी गेली. कमरेला नवी चटई, इतकी बारीक विणलेली की कापड वाटावं. ताईने नोव्हेंबरात पुन्हा विणायला घेतलं होतं. विमानतळावर ताई कुंपणाच्या या टोकाला, मी त्या टोकाला. पोरगी दोघांच्या मधे इकडून तिकडे पळत होती, शेवटची टपालं पोचवत.

“आत्या म्हणते, झाडाला सांग, रडू नको.”

“झाडाच्या डोळ्यात धूळ गेलीय म्हणावं.”

“आत्या म्हणते, तिच्याही.”

येताना चर्चवरून आलो. फोलाऊने फळा नव्याने रंगवलाय, प्रत्येक पाकीट वेगळं. पाद्रीबाबांनीच सांगितलं म्हणे. पहिलं नाव फोलाऊचं, दुसरं मेलेनाइतेताईचं, तिच्याखाली बऱ्याच ओळींनंतर पिता. मी वरून वाचत गेलो आणि मान खाली खाली जात राहिली.

माका, सातशे चाळीस पाआंगा. सव्विसावी ओळ, फोलाऊच्या सासूच्या खाली.